खुनी कोण ते सांगू नका हं!

“काय गं सुनीता, रात्री बारापर्यंत तुमच्या हॉलमधून किंचाळ्या कसल्या येत होत्या?”

“‘गुमनाम’ लावला होता काकू. ह्यांचे लूम बंद, म्हटलं बघू एखादा सिनेमा.”

“तरीच! एरवी आपल्या भिवंडीत लूमच्या खटखटीत शेजारी खून झाला तरी कळायचं नाही. राजा नवाथेंचा ना तो, १९६५चा? थेटरात पाहिलाय मी. नंदा काय गोड दिसलीय! मास्टर विनायकांची लेक ती. शिवाय आपला धुमाळ.”

“मला मेहमूद आवडला बाई. त्याची ती हैदराबादी हिंदी ऐकून आपल्या तेलुगू विणकरांच्या पद्मानगरात गेल्यासारखं वाटलं.”

“गोष्ट मात्र उसनी हो! अगाथा ख्रिस्तीची, १९३९ची कादंबरी, ‘अँड देन देअर वर नन’. बेटावर दहा जणांना बोलावून घेतात आणि यजमानाचाच पत्ता नाही. जेवणं उरकतात, तोच ग्रामोफोनची तबकडी वाजायला लागते. कुणी कुणाचा जीव घेतला ते नावानिशी सांगते! टेबलावर चिनीमातीच्या दहा बाहुल्या. माणूस गेला की एक बाहुली गायब.”

“अगं बाई! सिनेमात तर क्लबात सोडत लागते. सात जणांना फुकट सफर, आणि विमान त्यांना मध्येच सोडून उडून जातं.”

“फुकट म्हटलं की जातातच माणसं! आणि ते सुरुवातीचं, मुखवटे घातलेल्यांचं नाचगाणं? लक्ष्मी छाया नाचलीय, आवाज रफीचा. २००१मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ नावाच्या अमेरिकन सिनेमातही घेतलं ते.”

“पण हे म्हणतात, नुसती उचलेगिरी. वर शेवटही बदलला, हीरो-हिरॉईन वाचवले.”

“तो आधी खुद्द ख्रिस्तीबाईंनीच बदलला, सांग त्यांना. कादंबरीत एकही जण वाचत नाही. पण १९४३च्या नाटकात बाईंनी दोघांना जिवंत ठेवलं. १९४५चा हॉलीवूडचा सिनेमाही त्याच वाटेने गेला. कडू शेवट तसाच ठेवला तो १९८७मध्ये रशियनांनी आणि २०१५मध्ये बीबीसीच्या मालिकेने. मग एकट्या नवाथेंना का धरायचं?”

“सगळेच मेले, तर मारलं कुणी?”

“तीच तर गंमत! अगं, तो—”

“नको, नको! पुस्तक द्या, मी वाचते.”

“देते. पण नवाथेंना बोल लावायचाच तर शेवटावरून नको, भीतीवरून लाव. सिनेमात अंधारातून लताचा आवाज येतो आणि आपण दचकतो. पुस्तकात गाणारी बाई नाही की भूत नाही. कायद्याच्या हाती न लागलेले दहा जण, आणि ज्याचं पाप हलकं तो आधी सुटतो. जड पापवाल्याने शेवटपर्यंत झुरत बसायचं. गाण्यांसाठी ‘गुमनाम’ शंभरदा बघ गं, पण झोप उडवायची ताकद पुस्तकातच.”