शोकांत प्रेमनाटक : लागवड ते तोडणी

साहित्य : एक तरणा पोट्टा, एक पोट्टी, धुऱ्यावरून भांडणारे दोघांचे बाप, आणि विष. विष शेवटी लागतं. नवशिके ते पहिल्याच अंकात उघडतात.

सगळं जमलं की विष बाजूला ठेवा. बाप दोन तास ओरडले तरी नाटकात ताण येत नाही, नुसता घसा बसतो. ताण कसा द्यायचा हे शेंदूरजनाघाटात संत्र्याच्या कोणत्याही बागेत विचारा. आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभर, काळ्या भारी जमिनीत त्याहून जास्त. झाड मलूल होतं, थोडी पानं गाळतं, मग पाणी सोडलं की फुलावर येतं. प्रेक्षकाचंही असंच पाणी तोडायचं, पण बेताबेतानं. विसाव्या मिनिटालाच सगळं सभागृह रडायला लागलं तर झाडात सल पडली समजा.

आता खुंट निवडा. जंभेरीवर डोळा बांधायला तुम्हाला कोणी शिकवायला नको. नाटकासाठी गडकऱ्यांचा खुंट घ्या. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या विदर्भातच, सावनेरला वारले. पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळींनी बडोद्याला ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं, बालगंधर्व सिंधू झाले. ‘पण ते तर दारूचं नाटक, प्रेमाचं कुठं?’ असं विचाराल. प्रेमाची शोकांतिका लग्नाआधीच उरकते, हा अविवाहित लेखकांचा समज आहे.

शेवट लपवू नका. गडकऱ्यांनी तो नावातच सांगून टाकला. तळीराम पहिला पेला पुढे करतो तेव्हा सिंधूच्या नवऱ्याला, सुधाकरला, काही कळत नाही, आपल्याला सगळं कळतं. तिथून पुढे प्रेक्षक ‘काय होईल’ हे सोडून ‘आता होईल का’ एवढंच पाहत बसतो.

मधे अवकाळी पाऊस पाडा. बागेत आपण ज्याला शिव्या घालतो तोच इथे कामाला येतो. सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो, नोकरी शोधायला निघतो, आणि आपण मूर्खासारखे सुटकेचा श्वास टाकतो. मग ओळखीचीच माणसं त्याचा पाणउतारा करतात आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. शपथ नसती तर ही घसरण एवढी लागली नसती. आशा दाखवायला कंजुषी करू नका. काढून घ्यायला आधी द्यावी लागते.

सगळ्यात अवघड काम दाराचं. आपल्याकडचा प्रत्येक नवा नाटककार पोट्टीला खोलीत कोंडतो आणि बाहेर काकाला काठी घेऊन उभं करतो. यात कसला ताण? कुलूप आहे, ती काय करणार! सिंधूला माहेरचं दार सताड उघडं आहे. भाऊ पद्माकर न्यायला तयार आहे, पैसा आहे. ती जात नाही, भावाचा पैसाही घेत नाही, दळण दळते. दर प्रसंगाला वाटतं, बाई, आता तरी ऊठ! आणि अखेरीस मरता मरता, नवऱ्याच्या हातून झालेला घाव ती पोलिसांपुढे स्वतःच्या पडण्यावर घालते. आजच्या प्रेक्षकाला या त्यागाचा राग येतो, मलाही येतो. पण राग यावा इतका जीव गुंतला, हेही गडकऱ्यांचंच काम.

विनोद हवाच. ‘एकच प्याला’तल्या दारुड्यांच्या आर्य मदिरा मंडळात हसून घेतलेला माणूस पुढच्या प्रवेशात जास्त घाबरतो. गडकऱ्यांच्याच ‘प्रेमसंन्यास’मध्येही विधवेच्या प्रेमाची होरपळ चालू असताना विसरभोळा गोकुळ आहेच.

पळून जाण्याचा प्रसंग लिहिला असेल तर फाडा. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) रंजू दागिने घेऊन पळते ती पडद्यामागे; रंगमंचावर उरतं ते घर. त्या घराची भाषाही लक्षात घ्या. आपली नायिका तीन अंक ‘काऊन रे बाप्पा’ करते आणि विष घेतल्याबरोबर सदाशिव पेठेतलं मराठी बोलू लागते. विषाचा असा गुण वैद्यकात नोंदलेला नाही.

प्रयोगाची तारीख आंबियाच्या तोडणीत धरू नका. बाग सोडून कोणी येत नाही; खुर्च्यांवर फक्त नायिकेचे नातेवाईक असतील, आणि ते तिसऱ्या अंकाआधीच तिला घरी घेऊन जातील.