शेपटी गेली तर जाऊ दे

"काकू, तुमच्या मागच्या टाकीतली बेडकाची पिल्लं गप्प का हो? परवापर्यंत केवढी वळवळ होती!"

"तेच बघतेय. सगळी तळाला चिडीचूप. मेली की काय?"

"मरतात कसली! चतुराची अळी शिरली असणार. लहानपणी आपण दोरा बांधून उडवायचो ना, तो चतुर. त्याचं पोर पाण्यात वाढतं आणि भलतं खादाड. खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो. समोर काही हललं की फटकन पुढे फेकायचा. मग हलायचं कुणी?"

"पण ह्यांना ती दिसते का?"

"दिसायला कशाला हवी, पाण्याला वास लागतो. भाऊबंद खाल्ला गेला की त्याच्या कातडीतून काहीतरी सुटतं. मधमाश्यांचा नाच उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश, त्यांनी १९३८ सालीच माशांमधला असला भीतीचा वास दाखवला होता. माझ्या नणंदेची लेक धारवाडला कर्नाटक विद्यापीठात आहे ना, ती सांगते. तिथं आपल्या खरबरीत भेकाच्या पिल्लांवरच प्रयोग झालेत. एकीकडे उपाशी अळीचं पाणी, दुसरीकडे पिल्लं खाल्लेल्या अळीचं. ह्यांची खरी पाचावर धारण बसते ती खाल्लेल्या अळीच्या पाण्यानं."

"म्हणजे कोण कुणाकडे जेवलं, ही बातमी ह्यांच्यातही फिरते म्हण की!"

"फिरते तर! अमेरिकेत झाडावर राहणारा एक राखाडी बेडूक आहे. चतुराच्या अळ्या असलेल्या पाण्यात त्याची पिल्लं वाढली, तर शेपटी रुंद आणि लालसर होते."

"अगं बाई! लपायचं सोडून नटायचं?"

"अळीनं डोक्याऐवजी शेपटी धरावी म्हणून. शेपटीचा तुकडा गेला तरी पोहता येतं, डोकं गेलं की संपलंच. अळ्या नसतील तिथं शेपटी आपली साधीच. पण दडून बसणं परवडत नाही हो काकू. शेवाळ खरवडायला बाहेर पडायचं नाही, म्हणजे वाढ खुंटली, आणि डबकं तर रोज आटतंय. अळीनं तोंड न लावताच निम्मं नुकसान करून ठेवलेलं."

"मग ती अळीच काढून टाकू या."

"नको, डासांची पोरंही तीच खाते. शिवाय गुन्हेगार तीच असेल असंही नाही. पावसात पिवळेधमक होऊन ओरडणारे मोठे बेडूक असतात ना, त्यांची पिल्लंही दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात."

"शी! बेडकानं बेडूक?"

"तर काय. आधी तुमची जुनी चाळणी आणा, टाकीत कोण कोण आहे ते बघू तरी."