आधी यंत्राची परीक्षा घ्या

चाकणच्या बाजारात कांद्याचा लिलाव चालू असताना कान देऊन ऐका. सतराशे, साडेसतराशे, पावणेअठराशे. पावणेअठराशे म्हणजे १,७७५, हे तिथं कुणी कुणाला समजावत बसत नाही. तोलणारा, हमाल, अडत्याचा माणूस, सगळ्यांचा हिशेब तोंडी. यातल्याच एखाद्याला कागद-पेन्सिल देऊन भागाकार मांडायला सांगा, तो गडबडेल. मग त्याला गणित येतं की येत नाही?

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब मनातल्या मनात करणारी ही मुलं पुस्तकी मांडणीच्या गणितात अडखळली. शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं झालं. परीक्षा कशी घेतली यावर 'येतं की येत नाही' ठरतं, आणि आपण परीक्षा कागदावरच घेत आलो. 'उल्लास' नवसाक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या माणसांची परीक्षा १५० गुणांची असते, त्यातले ५० संख्याज्ञानाचे. हिशेबात पक्की असलेली एखादी आजी तिथं पेन्सिल धरतानाच थकते. तिला तोंडी विचारा ना!

म्हणून आकड्यांची समज आवाजावरून तपासायच्या कल्पनेच्या मी बाजूनं आहे. फोन प्रश्न विचारेल, माणूस बोलेल, यंत्र ऐकून तपासेल. गूगलचं 'रीड अलाँग' २०२० मध्ये मराठीत आलं आणि मुलांचं वाचन ऐकू लागलं. आकडे ही पुढची पायरी.

पण मराठी आकडा कानाला अवघड असतो. 'एकोणसाठ'मधलं 'एकोण' यंत्रानं गिळलं की ५९ चे ६० होतात. 'पावणेदोनशे'तलं 'पावणे' निसटलं की १७५ चे थेट २००. यंत्र आधी आवाजाचे शब्द करतं, शब्दांचे आकडे करतं, मग ते उत्तराशी ताडून बघतं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर त्याची चूक झाली, तरी कच्चा ठरतो तो बोलणारा.

आणि आपल्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात बोलणारे कोण? भोसरीच्या एका शेडमध्ये लातूरचा, बुलढाण्याचा, जळगावचा आणि बिहारचा माणूस शेजारीशेजारी उभा असतो. कुणी 'पंच्याहत्तर' म्हणतो, कुणी 'पचहत्तर', कुणी 'सेवंटी फाइव्ह'. सुपरवायझरला तिन्ही वेळा ७५ च ऐकू येतात. त्यात बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तेवीस'ऐवजी 'वीस तीन' अशी वाचनाची रीत आणली. केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकरांच्या गणित समितीचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं: बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी, यात लहान मूल अडकतं. त्या पुस्तकावर शिकलेलं मूल उद्या 'सत्तर पाच' म्हणालं आणि यंत्रानं ७० आणि ५ असे दोन वेगळे आकडे टिपले, तर शून्य गुण कुणाला द्यायचे?

माणूस माणसाचा आकडा कसा ऐकतो, हे कारखान्यातल्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर बघण्यासारखं आहे. एक जण व्हर्नियर धरून माप पुकारतो, दुसरा रिपोर्टवर लिहितो. "पंचवीस पॉइंट झिरो टू." शेजारी प्रेस धडधडत असतो. लिहिणाऱ्याला शंका आली की तो मान वर करून विचारतो, "शून्य दोन ना?" पुकारणारा पुन्हा जबडे लावून बघतो. कधी "शून्य चार" अशी दुरुस्तीही होते, आणि त्याबद्दल त्याला कुणी अडाणी म्हणत नाही. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीतही स्वयंसेवक मुलासमोर बसूनच आकडे वाचून घेतो, पाचातले चार बरोबर आले तर मुलाला ते येतात असं धरतो. चुकायला थोडी जागा, परत विचारायची मुभा. यंत्रात हे दोन्ही हवंच. नाहीतर आठवायला घेतलेला क्षणभराचा वेळ 'उत्तर नाही' म्हणून नोंदला जाईल आणि 'पंचावन्न, नाही, पंचेचाळीस' यातला पहिलाच आकडा धरला जाईल.

एखाद्या कारखान्याला भरतीसाठी किंवा महापालिकेला शाळांसाठी असं यंत्र घ्यायचं असेल, तर आधी ते लिलावातल्या तोलणाऱ्यापुढे आणि इन्स्पेक्शनच्या टेबलावरच्या माणसापुढे ठेवा. एसी खोलीत नको, शेडमध्ये, प्रेस चालू असताना. या माणसांना आकडे येतात हे रोजच्या कामावरून सिद्ध झालेलं आहे. त्यांना यंत्र जितके गुण कमी देईल, तितकी चूक यंत्राची. ती चूक निकालपत्रावर वेगळ्या रकान्यात छापा आणि नापास ठरलेल्या प्रत्येकाचा आवाज माणसानं पुन्हा ऐकल्याशिवाय निकालावर सही करू नका.