भावकाका

न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी मंडळात एक भावकाका असतात. गणपतीत टाळ वाजवायचे, कोजागरीला मसाला दुधात साखर किती ते सांगायचं आणि उरलेलं वर्षभर समोर येईल त्याला वस्तूंचे जुने भाव ऐकवायचे, हे त्यांचं काम. एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपण मेथीची जुडी निवडत उभे असतो आणि मागून आवाज येतो, "कितीला?" याचं उत्तर देऊ नये. दिलं, की काका डोळे मिटतात आणि मेथीसकट आपल्याला १९७१ सालात घेऊन जातात. अंगावरचा कोट, दारातली गाडी, मुलीची कॉलेजची फी, कशावरूनही तिकडे जाता येतं.

काका १९७१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आले. खिशात आठ डॉलर. तेव्हा देशाबाहेर जाणाऱ्याच्या हातावर परकीय चलन एवढंच पडायचं, त्यामुळे त्या पिढीतला जो तो आठ डॉलर घेऊनच आलेला आहे. आणि ते आठ फक्त आपल्याच खिशात होते, अशा सुरात तो ते सांगतो. भावकाकांचं दुखणं मात्र वेगळं. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांवर गेला. म्हणजे जे आठ डॉलर अडतीस रुपयांत आले असते, त्यांना काकांनी साठ मोजले. बावीस रुपयांची ही खोट पुढे तीन घरं आणि भरभक्कम पेन्शन होऊनही भरून निघालेली नाही.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यातला डॉलर साडेसातावरच आहे. पुण्याला गेले, की तीस रुपयांचा वडापाव त्यांना चार डॉलरचा पडतो आणि ते टपरीवाल्याकडे असे बघतात, की त्या बिचाऱ्याला आपण परदेशी माणसाला लुटतोय की काय, अशी शंका यावी. बँकेत डॉलर वटवताना मात्र आजचा भाव त्यांना पैशासकट पाठ असतो.

त्यांचा आवडता किस्सा निक्सनचा. काका येऊन जेमतेम महिना झाला होता. १५ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष निक्सन टीव्हीवर आले आणि त्यांनी देशभरचे पगार आणि भाव नव्वद दिवसांसाठी गोठवून टाकले. डॉलरची सोन्याशी बांधलेली गाठही त्याच भाषणात सोडली. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या दिवसावर पानंच्या पानं आहेत. काकांच्या मते मुद्दा एवढाच, की ते आले आणि अमेरिकेनं भाव वाढवायचे थांबवले. निक्सन यांची गोठवणूक नव्वद दिवसांनी सैल झाली, काकांची अजून चालू आहे.

"पोस्टाचं तिकीट आठ सेंट. न्यूयॉर्कच्या सबवेचं टोकन तीस सेंट. नवी कोरी फोर्ड पिंटो दोन हजारांच्या आत." हे ते स्तोत्र म्हटल्यासारखं म्हणतात, मध्ये कुणी काही विचारलेलं त्यांना चालत नाही. पिझ्झाचा एक तुकडा आणि सबवेचं टोकन यांचा भाव न्यूयॉर्कमध्ये बरोबरीनं चढतो, असं १९८० साली कुणी एका गृहस्थानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं आणि तो सिद्धांत म्हणून गाजला. काकांना हे आधीच कळलं होतं. फक्त त्यांनी पिझ्झा विकत घेतला नव्हता. दुकानाच्या काचेवरची पाटी वाचली होती.

मी एकदा चिडून त्यांचे आकडे चोरून पडताळले. तिकीट, टोकन, पिंटो, सगळं बरोबर निघालं. भावकाकांचा खरा ताप हाच, की ते थापा मारत नाहीत.

गेल्या वर्षी त्यांच्या नातीनं इलेक्ट्रिक गिटार मागितली आणि काकांपुढे नवा प्रांतच उघडला. गिटारीशी त्यांचा आजवर काही संबंध नव्हता. चार दिवसांत ते जुन्या कॅटलॉगांचे पंडित झाले आणि जेवणाच्या टेबलावर घोषणा झाली, "फेंडर स्ट्रॅटोकास्टर, १९५४, २४९ डॉलर ५० सेंट! ट्रेमोलो नको असेल तर २२९ डॉलर ५०!" हे त्यांनी अशा थाटात सांगितलं, की जणू तेव्हा ते फेंडरच्या गल्ल्यावर बसत होते. १९५४ साली काका सांगलीत मराठी तिसरीत होते.

"आणि सीअर्सची सिल्व्हरटोन! साठच्या दशकाच्या सुरुवातीला ६७ डॉलर ९५ सेंट. त्यात गिटार, पेटी आणि पेटीतच बसवलेला ॲम्प्लिफायर! बनायची कुठे? आपल्या जर्सीत, नेपच्यूनला!" ती बनवणाऱ्या डॅनइलेक्ट्रोचा तो कारखाना १९६९ मध्ये बंद पडला, म्हणजे काका विमानात बसण्याआधीच. तरी 'आपल्या' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की कारखाना काकांच्या चुलत्यांचा असावा.

नात हुशार. तिनं विचारलं, "आजोबा, तेव्हा तासाला पैसे किती मिळायचे?"

हा प्रश्न भावकाकांना विचारायचा नसतो. भाव आणि पगार हे त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहतात आणि मधलं दार रंग बसून कायमचं चिकटलेलं आहे. पोरीनं ते ढकललं. १९५४ साली अमेरिकेतलं किमान वेतन तासाला पाऊण डॉलर होतं. म्हणजे ती २४९ डॉलर ५० सेंटची 'स्वस्त' स्ट्रॅटोकास्टर घ्यायला तीनशे तेहेतीस तास राबायला हवं होतं. आठवड्याला चाळीस तास धरले तर आठ आठवड्यांहून जास्त, तेही न खाता आणि घरभाडं न देता. आज शिकाऊ मुलांसाठीची स्क्वायर स्ट्रॅट दोनशे-अडीचशे डॉलरला येते आणि केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन, तेही २००९ पासून बदललेलं नाही, सव्वासात डॉलर आहे. पस्तीस तासांत गिटार घरी.

काकांनी हा हिशेब मान्य केला नाही, कारण त्यात सोनं नव्हतं. त्यांनी पेन काढलं. १९५४ साली अमेरिकेत सोन्याचा सरकारी भाव औंसाला पस्तीस डॉलर. म्हणजे गिटार झाली सात औंसांच्या किंचित वर. औंसाचे ग्रॅम केले, ग्रॅमचे जुने तोळे केले आणि थबकले. एकोणीस तोळे निघाले. एका गिटारीत लग्न उरकलं असतं! आयुष्यात पहिल्यांदाच जुन्या काळी काहीतरी महाग निघालं होतं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली आणि पुन्हा कधी तिचा उल्लेख केला नाही.

गिटार घ्यायला मीही बरोबर गेलो होतो. काकांनी काउंटरवरच्या मुलाला २४९ डॉलर ५० सेंट ऐकवले. एरवी अशा वेळी माणसं मान डोलावून सटकतात. हा पोरगा उलट खुलला. लिओ फेंडरनी १९६५ च्या जानेवारीत कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली, त्याआधीच्या गिटारींना शौकीन आज वाटेल तो भाव देतात, असं तो सांगू लागला. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरनं १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या ४८ व्या रस्त्यावरच्या मॅनीज या दुकानात काळी स्ट्रॅट घेतली. २०१९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. "तुम्ही तेव्हा एखादी घेऊन ठेवली होती का, सर?"

परतीच्या वाटेवर काका गप्प होते. मागच्या सीटवर नात नव्या गिटारीच्या तारा छेडत होती आणि काका तोंडातल्या तोंडात ४८ वा रस्ता, ४८ वा रस्ता, असं काहीतरी पुटपुटत होते.

त्यानंतर आजार दुसऱ्या टप्प्यात गेला. आता काका नुसता भाव सांगत नाहीत, 'आज ती असती तर' तेही सांगतात. परवा मंडळाच्या बैठकीत, ढोल-ताशाच्या खर्चाचा विषय बाजूला पडून, सगळ्यांनी ऐकलं की १९७१ साली काका मॅनीजच्या दारावरून कितीदा तरी गेले होते, सबवेचं तीस सेंटचं टोकन खर्चून. "तेव्हा एक गिटार उचलली असती, तर आज तिच्या पैशात मंडळाची वास्तू झाली असती!"

पोहे आणत काकू म्हणाल्या, "अहो, गिटार कसली उचलताय? चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत मी इथे आले. पेट्रोलच्या रांगा होत्या, विषम नंबरची गाडी विषम तारखेला. एकेक तास त्या थंड गाडीत मी यांचा स्वेटर घालून बसायची. दुकानात लोकरीचा कोट पाहिला होता, चाळीस डॉलरचा. हे म्हणाले, सेल लागू दे. सेल लागला मार्चमध्ये, बर्फ वितळल्यावर. सव्वीसला घेतला."

"सव्वीस नाही," काका पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, "पंचवीस नव्व्याण्णव."