गाडीला काही झालेलं नाही

साताऱ्याच्या आमच्या कॉलनीतल्या अण्णांच्या मारुतीत पहिल्यांदा बसणाऱ्याला आधी सूचना ऐकून घ्याव्या लागतात. मागचं डावं दार आपटायचं नाही, किंचित उचलून लावायचं. काच वर घेताना एका हातानं हँडल फिरवायचं आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी काचेला आधार द्यायचा. पंखा एकवर लागत नाही, दोनवरच लागतो, पण "एकची गरज असते कुणाला?" यातल्या कशालाही बिघाड म्हणायची सोय नाही. "गाडीला काही झालेलं नाही," हे वाक्य अण्णा इतक्या ठाम सुरात म्हणतात, की ती खडखड आपल्याच कानात होतेय असं वाटायला लागतं.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. गाडी २००० सालची, ८००, मूळची पांढरी. डॅशबोर्डच्या खणात एक वही असते. पेट्रोल कधी, किती, त्या वेळी किलोमीटर किती, सगळं फूटपट्टीनं रकाने आखून लिहिलेलं. सर्व्हिसिंगची बिलं पंचवीस वर्षांची, फाइलला लावलेली. दसऱ्याला गाडीला हार घालताना ते देवापेक्षा मोठा घेतात, असं काकूंचं म्हणणं आहे.

या सगळ्यांत कहर होता तो स्टेअरिंगचा. जुन्या सिनेमात मागे पडद्यावर रस्ता पळत असतो आणि नायक उगाचच स्टेअरिंग डावीउजवीकडे हलवत गाणं म्हणतो, तसं अण्णा खरोखरच्या रस्त्यावर चालवायचे. हात सतत चालू, गाडी मात्र सरळ. पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात वळण दिसायच्या आधीच ते स्टेअरिंग फिरवायला घेत, कारण निरोप चाकापर्यंत पोचायला वेळ लागायचा. शेजारी बसलेल्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागे. "गाडी अंदाजानं चालवायची असते," अण्णा सांगत. "तुमच्या नव्या गाड्या बोट लावलं की वळतात. त्यात ड्रायव्हिंग कसलं आलंय?"

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. २०१५ साली पास झाली, २०२० साली झाली. गेल्या वर्षी तपासायला एक तरुण निरीक्षक बाई होत्या. त्यांनी खिडकीतून हात घालून दोन बोटांनी स्टेअरिंग हलवलं आणि नजर पुढच्या टायरवर ठेवली. स्टेअरिंग हललं. टायर ढिम्म. आणखी हललं, तरी टायर ढिम्म. बाईंनी कागदावर शेरा मारला.

पण अण्णा सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी पिशवीतून १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचं पुस्तक काढलं, नियम ९८, लाल पेन्सिलीनं अधोरेखित. स्टेअरिंगला ३० अंशांपर्यंत प्ले चालतो. "म्हणजे घड्याळात बारा ते एक," अण्णांनी हवेत काटा फिरवून दाखवला. बाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे, काका. पण तुमचे दीड वाजलेत. आणि पुढचं वाक्यही वाचा की." पुढच्या वाक्यात सांध्यांवर रबरी टोप्या शाबूत हव्यात असं आहे. अण्णांच्या डाव्या चाकाजवळची टोपी फाटून लोंबत होती. त्या वाक्याखाली लाल रेघ नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते मिस्त्रींकडे गेले. साक्षीदार म्हणून नेत असावेत. वाटेत मला पढवून ठेवलं होतं, की नुसतं "जरा टाइट करून द्या" एवढंच म्हणायचं.

मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर उचललं. आधी टायर वरखाली धरून हलवला, म्हणजे सहा वाजताचे काटे असतात तसा. घट्ट. मग पावणेतीनला धरून हलवला. कट्ट. पुन्हा हलवला. कट्ट. "टाय रॉड एन्ड गेलाय, अण्णा." म्हणजे त्या फाटक्या टोपीखालचा सांधा. रबर फाटलं, ग्रीस गेलं, माती शिरली आणि आतला गोळा झिजला. मग ते गाडीखाली शिरले आणि खालून हुकूम सुटायला लागले. "हलवा. हळू. थांबा. हलवा." अण्णा स्टेअरिंगवर बसून आज्ञाधारकपणे हलवत होते. खालून निदान आलं, "रॅकचं बुश पण गेलंय." रॅक म्हणजे स्टेअरिंगचा निरोप चाकांपर्यंत नेणारा दांडा.

"रॅकचा स्क्रू जरा पिळला तर?" अण्णांनी शेवटचा प्रयत्न केला.

मिस्त्री हात पुसत बाहेर आले. "पिळतो की. पण रॅक झिजतो मध्यावर, सरळ रस्त्यावर तेवढाच वापरात असतो. मध्यावर बसवायला स्क्रू पिळला, की टोकाला आवळणार. वळणावर स्टेअरिंग वळवलंत, की ते तिथंच ऱ्हाईल, परत न्हाई यायचं. मग काय करनार?"

अण्णा गप्प. सुटे भाग आणवले.

जुना एन्ड काढताना त्याची गंजलेली पिन निघेना, नट निघाला तर एन्ड निघेना. मिस्त्री दोन बाजूंनी हातोड्या घालत होते आणि प्रत्येक घावाला अण्णा डोळे मिटत होते. एन्ड रॉडवरून सोडवताना किती फेरे झाले ते मोजायचं असतं, नवा तितकेच फेरे आत घातला की चाकाची दिशा साधारण जुळते. हे कळल्यावर अण्णांना हुरूप आला. त्यांनी वही काढून नोंद केली, "डावा, साडेअठरा फेरे." "तरी अलाइनमेंट करायलाच लागतंय," मिस्त्री म्हणाले. अण्णांनी तेही लिहून घेतलं, पण खाली सही केली नाही.

संध्याकाळी काकूंना घेऊन अण्णा चक्कर मारायला निघाले आणि गाडी सरळ रस्त्यावर नागमोडी जायला लागली. हातांना पंचवीस वर्षांची सवय. ते आपले डावीउजवीकडे चालूच, आणि आता चाकं प्रत्येक हुकूम तत्परतेनं पाळत होती. एक दूधवाला मोटरसायकलसकट कडेला उतरला. "मिस्त्रींनी काहीतरी बिघडवून ठेवलंय," अण्णा म्हणाले. मागून काकू म्हणाल्या, "गाडीला काही झालेलं नाही. हात आवरा."

गाडी पास झाली. पाच वर्षांची निश्चिंती. काढलेला टाय रॉड एन्ड कागदात गुंडाळून माळ्यावर गेला, त्यावर चिठ्ठी आहे: "ओरिजिनल. वेळप्रसंगी उपयोगी."

आता अण्णा कॉलनीत कुणाचीही गाडी उभी दिसली की खिडकीतून हात घालतात. दोन बोटं स्टेअरिंगवर, नजर टायरवर. परवा माझ्या गाडीशी हेच चाललं होतं. मी लगबगीनं खाली गेलो तर म्हणाले, "साडेबारा झालेत रे तुझे. एक वाजायच्या आत दाखवून घे."