पिक्सेलशोधक

पिक्सेलशोधक हा हौशी छायाचित्रकारांमधला एक उपप्रकार असून नव्या डिजिटल कॅमेऱ्याचा खोका उघडला की तो प्रकट होतो. वय पस्तीस ते साठ. शिक्षण बहुधा अभियांत्रिकी. नोकरी बँकेत, आयटीत किंवा कारखान्याच्या दर्जा-तपासणी खात्यात. पुणे, ठाणे, नाशिक या भागांत तो मुबलक आढळतो. दसऱ्याच्या सुमारास संख्या वाढते.

त्याची ओळख पहिल्याच फोटोत पटते. कॅमेऱ्याची पूजा झालेली असते. लेन्सजवळ कुंकू येऊ न देता झेंडूचे फूल दोन वीत अंतरावर ठेवलेले असते. घरची मंडळी ठेवणीतले कपडे घालून सोफ्यावर बसलेली असतात. पिक्सेलशोधक कॅमेरा हातात घेतो, लेन्सवर झाकण घट्ट बसवतो आणि तीस सेकंदांचे एक्स्पोजर देतो. आई विचारतात, ‘‘हललं तर चालेल ना रे?’’ चालते, कारण त्या फोटोत नसतात. फोटो निव्वळ काळोखाचा असतो, आणि त्या काळोखात चुकून उजळलेला ठिपका आहे का, एवढेच त्याला पाहायचे असते.

हे ठिपके तीन जातींचे. डेड पिक्सेल मेलेला असतो. समोर सूर्य असला तरी तो काळाच. स्टक पिक्सेल एकाच रंगावर अडकून बसतो आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी लाल, हिरवा किंवा निळा चमकतो. हॉट पिक्सेलचा स्वभाव जास्त घोटाळ्याचा. सेन्सरवर प्रकाश पडला नाही तरी उष्णतेमुळे त्यात थोडा विद्युतभार गळत असतो. काही पिक्सेलांत ही गळती इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असते. एक्स्पोजर लांबले, आयएसओ वाढवला किंवा कॅमेरा तापला की ते दिसू लागतात. तापमान सहा ते आठ अंशांनी चढले की ही गळती साधारण दुप्पट होते. त्यामुळे डिसेंबरात महाबळेश्वरला निर्दोष सुटलेला कॅमेरा मे महिन्यात अकोल्याला आरोपी ठरू शकतो. पिक्सेलशोधकाला हे सगळे तोंडपाठ असते. तरीही तो चाचणी मे महिन्यात, दुपारी, गच्चीवरच्या खोलीत घेतो.

पुढची पायरी संगणकावर. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो 6000 गुणिले 4000 पिक्सेलांचा, म्हणजे 2 कोटी 40 लाख ठिपक्यांचा. फुल एचडी पडद्यावर तो शंभर टक्के आकारात पाहायचा तर सोळा तुकड्यांत सरकवावा लागतो. हे काम तो रात्री जेवणानंतर, दिवा मालवून करतो. तांदूळ निवडायला बसलेल्या आजीला एकही खडा सापडला नाही तर जसे चुकल्यासारखे वाटते, तसे पंधराव्या तुकड्यापाशी त्याचे होते. सोळाव्यात, उजवीकडे खाली, ठिपका सापडतो. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते त्याला दुःख म्हणणे कठीण आहे.

ठिपका मूळचा एका पिक्सेलाचा असला तरी दिसताना थोडा पसरलेला दिसतो. प्रत्येक पिक्सेलावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी 1970च्या दशकात ही रचना शोधली. तीत चार गाळण्यांपैकी दोन हिरव्या असतात. उरलेले रंग शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजाने भरले जातात, म्हणून एकाचा दोष आजूबाजूच्यांच्या माथी लागतो. हाच ठिपका बारा बाय अठरा इंची छापील फोटोत मिलिमीटरच्या साधारण तेराव्या भागाएवढा असतो. अर्थात पिक्सेलशोधक फोटो छापत नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात जातो. मुंबईकर असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात. दुकानदार जुना असतो. तो लॅपटॉप स्वतःकडे वळवतो आणि ठिपक्यावरून बोट फिरवतो. ठिपका पुसला जातो. मग फोटो सरकवून पाहायचा असतो, हा धडा मिळतो: फोटो हलला आणि ठिपका जागीच राहिला तर दोष पडद्याचा. सेन्सरवरची धूळही अशीच फसवते. पण ती लहान अ‍ॅपर्चरला, एफ-16च्या आसपास, धूसर डागासारखी उमटते आणि अ‍ॅपर्चर मोठे केले की विरते. खरा सदोष पिक्सेल कोणत्याही अ‍ॅपर्चरला तसाच टोकदार. पिक्सेलशोधक खजील न होता नवा काळोख काढून आणतो, आणि या खेपेला ठिपका खरा असतो. ‘‘साहेब, दिवाळीचे फोटो काढा, मग बघू,’’ हे दुकानदाराचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या अपुरे असले तरी व्यवहाराला धरून आहे.

इलाज सोपे आहेत. अनेक कॅमेऱ्यांच्या मेन्यूत पिक्सेल मॅपिंगची सोय असते. कॅमेरा स्वतःच अंधारात सेन्सर तपासतो, वाह्यात पिक्सेलांचे पत्ते टिपून ठेवतो आणि पुढे त्यांच्या जागी शेजाऱ्यांवरून काढलेली किंमत भरतो. काही कॅमेऱ्यांत ती सोय नसते. तिथे हेच काम सर्व्हिस सेंटरला होते. लांब एक्स्पोजरसाठी नॉइज रिडक्शन आहे: फोटोनंतर कॅमेरा तितक्याच वेळाचा एक काळा फोटो घेतो आणि तो मूळ फोटोतून वजा करतो. रॉ फाइल उघडणारी काही सॉफ्टवेअरे असे ठिपके न विचारताच पुसून टाकतात, आणि त्याबद्दल पिक्सेलशोधकाचा त्यांच्यावर राग असतो.

मॅपिंगने त्याचे समाधान होत नाही. पिक्सेल बरा झालेला नसतो, झाकला गेलेला असतो. त्यातच एके दिवशी त्याला कळते, की कोट्यवधी पिक्सेलांचा सेन्सर सर्वस्वी निर्दोष निघणे जवळपास अशक्य असल्याने कारखान्यातच ही यादी तयार होते आणि प्रत्येक नवा कॅमेरा ती पोटात घेऊनच बाहेर पडतो. ती रात्र वाईट जाते. त्याहून वाईट बातमी विश्वकिरणांची. त्यांच्या माऱ्याने चांगल्या पिक्सेलांचेही हॉट पिक्सेल होतात. अंतराळ स्थानकावरच्या कॅमेऱ्यांत ते भराभर साठतात, आणि विमानाच्या उंचीवरही मारा जमिनीपेक्षा बराच जास्त असतो. तेव्हापासून मुलाकडे न्यू जर्सीला पोहोचल्यावर तो नातवाला उचलून घेण्यापूर्वी लेन्सचे झाकण शोधतो.

या प्रकारच्या माणसाने काढलेले फोटो संख्येने पुष्कळ असतात. काळोख, पांढरी भिंत, निरभ्र आकाश, वर्तमानपत्राचे पान हे त्याचे आवडते विषय. कासची फुले किंवा भिगवणचे रोहित पक्षी त्याच्या संग्रहात शोधू नयेत. लग्नामुंजीत फोटो मेव्हण्याच्या मोबाइलवर निघतात, आणि कुटुंबाकडे जे अल्बम आहेत ते त्या मेव्हण्याच्या कृपेने.

वर्ष-दीड वर्षात नवे मॉडेल बाजारात येते आणि पिक्सेलशोधक जुना कॅमेरा विकायला काढतो. वापरलेला कॅमेरा घ्यायचा असेल तर वाचकांनी त्याचाच घ्यावा. खोका, बिल, आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या सगळे जागच्या जागी मिळते, सेन्सर तपासायची गरज नसते, आणि लेन्सवर ओरखडा असणे शक्यच नाही, कारण झाकण फारसे निघालेलेच नसते.