‘इयर’ कुठलं? गरजूंसाठी मार्गदर्शन

नुसत्या ‘वर्षा’वर मराठी माणसाचं भागत नाही. पाडवा, वर्षश्राद्ध, बाळाचा पहिला वाढदिवस एवढ्यापुरतं ‘वर्ष’ ठीक आहे. पण पैसा, परीक्षा, पगार किंवा मुलीचं लग्न असा विषय निघाला की ‘इयर’ काढावं लागतं. तेही एकटं काढून चालत नाही, मागेपुढे फायनान्शियल, लास्ट, गॅप, एंडिंग असं काहीतरी जोडावं लागतं. काय कुठे जोडायचं हे अजून ज्यांच्या अंगवळणी पडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांच्या पडलं आहे त्यांनी नुसतं चाळावं.

मूळ नियम एकच. ‘इयर’ कानावर पडलं की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू नये, बोलणाऱ्याकडे बघावं. तो आपल्याकडे काय मागायला आलाय हे ओळखलं की इयर कुठलं ते आपोआप कळतं.

उदाहरणार्थ, ‘थर्टी फर्स्ट’. एकतीस तारीख वर्षातून सात महिन्यांना येते, पण महिना न सांगता ‘थर्टी फर्स्ट’ म्हटलं की ती डिसेंबरची. अपवाद : बोलणारा सीए, बँकेतला किंवा सरकारी ठेकेदार असेल तर मार्चची. सीएने “थर्टी फर्स्टच्या आधी काय ते बघा” असं म्हटलं, तर “हो, अलिबागचं बुकिंग झालंय” असं सांगू नये. तो गप्प बसतो, आणि सीए गप्प बसला की फी वाढते.

यातूनच ‘मार्च एंडिंग’ निघालं. हे इंग्रजी बरोबर आहे का, अशी शंका शहाण्याने घेऊ नये. लंडनमध्ये चालत नसेल, पण तासगावपासून तुमसरपर्यंत खणखणीत चालतं. मुळात ही तारीख नाहीच, हे कारण आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलचे पहिले आठ-दहा दिवस ते कुठेही वापरता येतं. पासबुकात एंट्री का नाही? मार्च एंडिंग. चुलतभावाच्या साखरपुड्याला का आला नाहीत? मार्च एंडिंग. उसने घेतलेले पैसे? अहो, मार्च एंडिंग. यावर पुढचा प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. नोकरी खाजगी कंपनीच्या कॅंटीनमध्ये असली तरी चालतं, फक्त चेहरा थकलेला ठेवावा.

मात्र याचा खरा मान सरकारी कचेरीत. मंजूर निधी ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर परत जातो. त्यामुळे अकरा महिने ज्याला कुणी हात लावला नाही तो रस्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्रीचे दिवे लावून होतो आणि बिलांच्या फायली कोषागारात रांगेत उभ्या राहतात. डांबर अजून गरम असतं, पण कागदावर काम पूर्ण झाल्याचा शिक्का बसलेला असतो. ‘फंड लॅप्स होईल’ हे वाक्य ज्या गांभीर्याने उच्चारलं जातं, त्या गांभीर्याने आपल्याकडे फार थोड्या गोष्टी उच्चारल्या जातात.

हे एप्रिल ते मार्च आलं कुठून? साहेबाकडून. १८६७ पूर्वी हिंदुस्थान सरकारचं हिशेबी वर्ष १ मे ते ३० एप्रिल होतं. मग ते विलायतेच्या सरकारी हिशेबाशी जुळवून घेतलं. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये आयकराचं वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं. तिकडे जुनं वर्ष २५ मार्चला लागायचं. १७५२ साली कॅलेंडर सुधारताना अकरा दिवस गाळले गेले, पण खजिन्याला अकरा दिवसांची वसुली बुडवायची नव्हती, म्हणून तारीख पुढे सरकली. १८०० साली आणखी एका दिवसाने सरकली आणि मग तिथेच बसली. कॅलेंडर पोपने दुरुस्त केलेलं असो की पार्लमेंटने, वसुली खात्याने आपला दिवस सोडलेला नाही.

आता अवघड धडा : ‘एफवाय’ आणि ‘एवाय’. कमावलं ते फायनान्शियल इयर, त्याचा हिशेब मागितला ते असेसमेंट इयर. २०२४-२५ ची कमाई म्हणजे असेसमेंट इयर २०२५-२६. हे दरवर्षी कळतं आणि दरवर्षी चलन भरताना नेमक्या त्या खान्यापाशी बोट अडतं. सरकारलाही हे पटलं असावं, कारण २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात असेसमेंट इयर काढून टाकलं आणि ‘टॅक्स इयर’ असं एकच ठेवलं. अंमल १ एप्रिल २०२६ पासून. जाणकारांनी सुटकेचा निःश्वास टाकायच्या आत पुढचं वाचावं. २०२५-२६ च्या कमाईचं रिटर्न जुन्याच कायद्याखाली, म्हणून ते ‘असेसमेंट इयर २०२६-२७’. आणि एप्रिल २०२६ पासून कमवाल ते ‘टॅक्स इयर २०२६-२७’. आकडा तोच, वर्षं दोन. अशा वेळी मेहुण्याला सल्ला देऊ नये. तो लक्षात ठेवतो.

कॉलेजातलं इयर वेगळं. इथे ‘लास्ट इयर’ला दोन अर्थ आहेत आणि ते एका ‘ला’ने वेगळे होतात. ‘लास्ट इयर’ म्हणजे गेल्या वर्षी, ‘लास्ट इयरला’ म्हणजे शेवटच्या वर्गात. सरावासाठी हे वाक्य घ्यावं : “लास्ट इयर मी लास्ट इयरला होतो, आणि धिस इयर पण लास्ट इयरलाच आहे.” यात एक मुलगा, त्याचे वडील आणि एक अडून बसलेला पेपर यांची अख्खी कहाणी आली.

या कहाणीला इंजिनिअरिंगची मुलं ‘इयर डाऊन’ म्हणतात, आणि जास्त जवळीक असली तर ‘वायडी’. “वायडी बसला” असं म्हणतात, साडेसाती बसावी तसं. राहिलेले विषय मागे ठेवून, म्हणजे केटीवर, निभावलं तर इयर वाचलं, विषय जास्त राहिले तर वायडी. पण हे नाव मित्रांपुरतं. तेच वर्ष घरी आल्यावर ‘इयर गेलं’ होतं, मुलाखतीत ‘गॅप इयर’ होतं आणि लिंक्डइनवर ‘सॅबॅटिकल’ होतं. कुठलं नाव कुठे काढायचं हे चुकलं की काय होतं ते कांदेपोह्यांच्या वेळी दिसतं.

मुलीचे मामा बशी पुढे सरकवतात. “बारावी कुठल्या साली म्हणालात?”

“सतराला.”

“आणि बीई?”

“बावीसला.”

मामा चहा ढवळतात. साखर केव्हाच विरघळलेली असते, ढवळणं चालू राहतं. सतरा अधिक चार. मुलाची आई ओळखते आणि मध्ये पडते, “बारावीनंतर एक इयर गॅप घेतला ना त्याने. स्वतःच अभ्यास करायचा म्हणाला.”

“अच्छा, अच्छा,” मामा म्हणतात. “मग गॅप सर्टिफिकेट असेल.”

मामा निवृत्त हेडक्लार्क असतात. त्यांना ठाऊक असतं की मध्ये वर्ष गेलं असेल तर प्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, की या काळात मी कुठेही प्रवेश घेतलेला नव्हता. आपण वर्षभर काही केलं नाही हे शपथेवर सांगायची सोय सर्वांनाच मिळती तर बरं झालं असतं, पण ती फक्त विद्यार्थ्यांना आहे.

पुढे नोकरी लागते आणि ‘बाय इयर एंड’ भेटतं. “तुमचं प्रमोशन बाय इयर एंड करून टाकू.” ऐकायला गोड आहे, पण एंड कुठला? आपल्या सरकारचं इयर मार्चमध्ये संपतं. मायक्रोसॉफ्टचं जूनमध्ये. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं, १९७६ पासून, ३० सप्टेंबरला. आणि उरलेल्या जगाचं डिसेंबरमध्ये. म्हणजे दर तीन महिन्यांनी कुणाचं ना कुणाचं इयर संपत असतं, आणि मॅनेजर मनात नेहमी पुढचं धरतो. तारीख लेखी मागावी. मागितल्यावर तो “लेट्स कनेक्ट नेक्स्ट इयर” म्हणाला तर विषय संपला असं समजावं.

मीटिंगमध्ये ‘इयर ऑन इयर’ हे सोडून दुसरं काही वापरू नये, मात्र एका अटीवर : गेलं वर्ष वाईट गेलेलं असावं. २०२१-२२ च्या पहिल्या तिमाहीत सकल देशांतर्गत उत्पादन आदल्या वर्षाच्या तुलनेत २०.१ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. आकडा नेत्रदीपक होता. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत, टाळेबंदीत, ते सुमारे २४ टक्क्यांनी घसरलं होतं. शंभराचे शहात्तर झाले आणि शहात्तरचे एक्क्याण्णव. तरी वाढ ती वाढ. गेलं वर्ष चांगलं गेलं असेल तर ‘लाँग टर्म’ हा शब्द काढावा आणि स्लाइड पुढे ढकलावी.

‘कॅलेंडर इयर’ ही फक्त क्रिकेटवाल्यांची मिळकत. इतर कुणी वापरलेलं आढळल्यास तो इन्शुरन्स एजंट समजावा. सचिनने १९९८ या कॅलेंडर इयरमध्ये एकदिवसीय सामन्यांत १८९४ धावा केल्या, नऊ शतकांसह. हे वाक्य मराठी घरात कधीही, कुठल्याही विषयात घालता येतं, कुणी हरकत घेत नाही.

‘लीप इयर’ फेब्रुवारीपुरतंच काढावं. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० ला चारने भाग जात असूनही ते लीप नव्हतं, त्यामुळे त्यांची जन्मतारीख पुन्हा उगवली ती थेट १९०४ मध्ये. आयुष्यातली पहिली आठ वर्षं वाढदिवसाविना काढलेला माणूस पुढे देशाचं अंदाजपत्रक सर्वाधिक वेळा मांडतो, यात काही संबंध आहे का ते मानसशास्त्रज्ञांनी बघावं.

गावाकडे गेल्यावर यातलं काहीच चालत नाही. तलाठ्याचं महसुली वर्ष १ ऑगस्टला लागतं, साखर कारखान्याचं ऑक्टोबरला, आणि दुकानदाराची नवी वही दिवाळीत पुजली जाते. तिथे “सर, करंट फायनान्शियल इयरमध्ये होईल का?” असं विचारणाऱ्याला सातबाऱ्यासाठी ‘उद्या या’ म्हणून सांगितलं जातं. “साहेब, यंदा होईल का?” एवढंच विचारावं.

शेवटी एक अपवाद नोंदवून ठेवतो, कारण तो वापरायचा मोह अनेकांना होईल. रिझर्व्ह बँकेचं हिशेबी वर्ष अनेक दशकं जुलै ते जून होतं. सरकारशी मेळ घालण्यासाठी ते एप्रिल ते मार्च करायचं ठरलं, त्यामुळे २०२०-२१ चं त्यांचं वर्ष नऊच महिन्यांत आटोपलं. देशाच्या मध्यवर्ती बँकेचं इयर नऊ महिन्यांचं असू शकतं, तर आमची पगारवाढही नऊ महिन्यांनी का नको, असा युक्तिवाद अप्रेझलच्या वेळी सुचतो. तो करू नये. एचआरला त्यातून इयर पंधरा महिन्यांचंही करता येतं हे सुचेल.